मास्तरांनी ओळखलेला हवालदार

बन्सीधर मास्तरांशी बोलायला पेडगावात कोणी फारसं थांबत नसे, आणि त्यात गावाचा काही दोष नव्हता. रामराम घातला की मास्तर विचारत, "का रे, डिसीव्ह म्हणजे काय?" आता बैल पाण्यावर न्यायला निघालेल्या माणसानं यावर काय सांगावं? मास्तर शाळेतून रिटायर झाले होते, पण इंग्रजीनं त्यांना काही सोडलं नव्हतं. ते पाराकडे येताना दिसले की कुणाला घरची जनावरं आठवत, कुणाला बायकोनं सांगितलेलं मीठ. बघता बघता पार मोकळा होई आणि मास्तर एकटेच तिथं टेकत.

त्यांची शिकवायची रीत न्यारी होती. पोरांना ते आधी फसवणुकीचे शब्द शिकवत. ऑनेस्टी हा शब्द वर्षभर घोकून घेतला तरी परीक्षेत विसरतात, पण चीट एकदा सांगितला की पोरगं जन्मभर विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि अर्थ सांगताना डिक्शनरीला ते हात लावत नसत. ट्रिक म्हणजे मदाऱ्याचं काम, फसलो हे कळूनसुद्धा आपण टाळ्या वाजवतो. ब्लफ म्हणजे हातात पान नसताना मोठी बोली लावणं. होक्स म्हणजे धरण फुटलं अशी आवई उठवून अख्खं गाव माळावर पळवणं. इम्पोस्टर म्हणजे जो आपण नाही तोच होऊन बसणारा. चीटपाशी आले की मात्र मास्तर खडू खाली ठेवत. "अनोळखी माणूस तुम्हाला लुटतो," ते म्हणत, "चीट करायला माणूस ओळखीचाच लागतो. जिथं भरवसा नाही तिथं चीटिंग नाही." पोरं माना डोलवत. त्यातली किती पोरं पुढं आडतीवर बसून मापात मारायला लागली, तो भाग वेगळा.

घरात मास्तर एकटे. कस्तुराबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाब्याच्या दोन खोल्या, बाहेर ओसरी, दाराशी कडुनिंब. थोडी जमीन होती, ती शेजारचा तात्याराव बटईनं करी आणि त्याची बायको कडूबाई दोन्ही वेळच्या भाकरी आणून देई. भाकरी ठेवताना ती दोन शब्द बोले, तेवढंच दिवसाचं बोलणं. एकट्या माणसाला घरात भांडं पडलं तरी बरं वाटतं असं मास्तर एकदा तिला म्हणाले होते. तिला वाटलं मास्तरांना नवं भांडं पाहिजे, तिनं बाजारातून पितळी आणून दिली.

मुलगा होता, दत्तराव. तो नांदेडला शिकला, मग कुठं कुठं राहिला. पत्र टाकायचा त्याला कंटाळा आणि यायला सवड नाही. मधे एकदा काळा कोट घालून आला आणि रेल्वेत साहेब झालो म्हणाला. मास्तरांची छाती भरून आली. त्यांनी आपणहून पारावर जाऊन सांगितलं, आणि त्या दिवशी पारावरचं कोणी उठून गेलं नाही. कडूबाईचा सोनपेठचा भाचा तर लगेच दत्तरावच्या मागं लागला, मलाही रेल्वेत चिकटवा म्हणून. दत्तराव बघू म्हणाला, गाडीत बसला आणि गेला. त्यानंतर मास्तर संध्याकाळी स्टेशनाकडे फिरायला जाऊ लागले. गाडी येई, चार माणसं उतरत, त्यात आपला कोणी नसे. मास्तर तसेच परत येत आणि कडूबाईनं विचारलं तर सांगत, "पाय मोकळे करून आलो."

अशा या माणसाच्या दाराशी वर्षातून एकदा हमखास येणारा एक माणूस होता. सटवाजी बहुरूपी.

सुगी झाली, ज्वारीची खळी उरकली की सटवाजी गावोगाव सोंगं घेऊन फिरे. नामांतराची दंगल झाली त्याच्या आदल्या सुगीत तो पहिल्यांदा मास्तरांच्या दाराशी आला तो फौजदार होऊन. डोक्यावर टोपी, कमरेला पट्टा, हातात वेताची छडी. दार वाजवून गरजला, "बन्सीधर मास्तर, तुमाला पकडायचं वारंट हाय! येस, नो, फिनिश!"

मास्तरांना अटकेचं काही वाटलं नाही, इंग्रजीचं मात्र फार वाईट वाटलं.

"अरे, फौजदार असा बोलतो का?" त्यांनी सटवाजीला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. "चीटिंग म्हण. फ्रॉड म्हण. 'यू आर ॲन इम्पोस्टर' म्हण. समोरच्याचं धोतर सुटलं पाहिजे." सटवाजीला शाळा ठाऊक नव्हती पण कान तिखट होता. दुपारभर बसून त्यानं शब्द पाठ केले, अर्थ विचारून घेतले आणि पुढच्या गल्लीत जाऊन असे झाडले की म्हातारेसुद्धा पोट धरून हसले. संध्याकाळी परत येऊन त्यानं टोपी काढून मुजरा केला, म्हणाला, "मास्तरसाहेब, तुमच्या शब्दानं आज सूप भरून ज्वारी मिळाली बगा."

बहुरूप्याच्या सोंगाला साथ द्यायची एक पद्धत असते. तो पकडायला आला की घरच्यांनी हातपाय गाळायचे नसतात, उलट घरातलं एखादं माणूस पुढं करायचं असतं. सासू म्हणते सुनेला न्या, सून म्हणते मामंजींना न्या, खाऊन खाऊन भारी झालेत. मग तो खोटा फौजदार त्या माणसाला दोरी लावतो, सगळे हसतात, आणि सूपभर धान्य देऊन त्याला सोडवून घेतात. मास्तरांच्या घरात पुढं करायला कोणी नव्हतं. "माझ्याकडं न्यायला कोणी नाही बाबा," ते म्हणत, "मलाच ने." सटवाजी त्यांनाच पारापर्यंत नेई. तेवढ्या वाटेवर गाव मास्तरांकडं बघून हसे, आणि मास्तरांना ते फार आवडे.

दंगलीच्या सालात आसपासच्या गावांतली बौद्धांची घरं जळाली, खऱ्या पोलिसांच्या गाड्या रस्त्यानं धावू लागल्या. तेव्हा सटवाजीनं खाकी कपडे गुंडाळून ठेवले. खाकी बघून लेकरं रडायलीत, हसू कुणाला येणार, म्हणाला. मग तो पोष्टमन होऊन आला, एका साली विमा एजंट, एका साली नसबंदीचा डॉक्टर. दरवर्षी दाराशी उभा राहून विचारी, "वळखलं का?" आणि दरवर्षी मास्तर ओळखत. तो उंच होता, मिशाळ, दाट केसांचा, आणि दारातून वाकून बघायची त्याची एक ढब होती. पुढं दिवस निवळले, खाकी पुन्हा बाहेर निघाली. एकदा जाताना त्यानं पैज लावली. "मास्तरसाहेब, एकदिस असा येईन की तुमी मला अजाबात वळखणार न्हाई."

"ओळखीन," मास्तर म्हणाले. "तुझ्या तोंडात शब्द माझे आहेत. ते कुठं लपवशील?"

त्या पैजेवर मास्तरांनी वर्ष काढलं. तुम्हाआम्हाला हसू येईल, पण ज्याच्याकडं वाट बघण्यासारखं काही नसतं त्याला बहुरूप्याची वाटही पुरते.

आणि नेमकं त्याच सुगीत दत्तराव आला.

पहाटेच्या गाडीनं आला, उजाडायच्या आत घरात शिरला. दाढी वाढलेली, अंगात कणकण. काळा कोट नव्हता. मास्तरांनी चूल पेटवून पाणी तापवलं. दत्तराव म्हणाला, "आबा, मी आलोय हे कुणाला सांगू नका. ऑफिसातल्या लोकांची जरा भानगड आहे. निवळली की जातो."

मास्तर काही विचारायला गेले आणि थांबले. पोराच्या तोंडाकडं बघून त्यांना कळायचं ते कळलं होतं. जन्मभर ज्यांनी इतके शब्द शिकवले त्यांना खोटं ओळखू येत नाही असं थोडंच असतं? पण विचारलं तर तो उठून जाईल, ही भीती मोठी होती. त्यांनी आतल्या खोलीत बाज टाकली, अंगावर कस्तुराबाईची वाकळ घातली. आणि ओसरीवर येऊन मनाशी पक्कं केलं, ऑफिसातलं कोणीही येऊ दे, कोटवाला येवो की साहेब येवो, दत्ता इथं नाही म्हणून सांगायचं. हे वाक्य त्यांनी पुटपुटून दोनतीनदा म्हणून बघितलं. "तो इकडं फिरकला नाही. फिरकला नाही तो." खोटं बोलायची सवय नव्हती, जीभ अडखळत होती, म्हणून म्हणून बघितलं.

कडूबाईला जास्तीच्या भाकरी सांगाव्या लागल्या. तिनं विचारलं, "पावना आलाय का मास्तर?" मास्तरांनी भूक वाढलीय असं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही, पण तिनं भाकरी वाढवून आणल्या.

ते दोन दिवस मास्तरांच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. आत पोरगं झोपलेलं आहे, त्याचा श्वास ऐकू येतो, खोकला ऐकू येतो. ताटं दोन वाढायची. मास्तर ओसरीवर बसून उगाचच हसत. हा आनंद कुणाला तरी सांगावा असं त्यांना इतकं वाटे, की दारावरून गेलेल्या शेळीलाही सांगितलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाव रानात होतं. गल्लीत फक्त समोर कडूबाई ज्वारी पाखडत बसली होती. दारात सावली पडली. मास्तरांनी वर बघितलं. उंच माणूस, खाकी कपडे, दारातून वाकून बघणारा.

"बन्सीधर मास्तर तुमीच का?"

मास्तरांना हसू आवरेना. आला! पैज जिंकायला आला. मिशा सफाचट केल्या होत्या, आवाज बदलला होता, पट्टाही खऱ्यासारखा जुना मिळवला होता. बूट तर वा! मास्तर मुद्दाम गंभीर झाले.

"मीच. काय काम काढलं साहेब?"

"दत्तराव तुमचा पोरगा न्हवं? पूर्ण्याहून आलो मी. त्याच्यावर केस हाय. चीटिंग, फ्रॉड. रेल्वेचा साहेब हाय म्हणून पोरं फसवायलाय."

चीटिंग! फ्रॉड! मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हे शब्द या वाटेवर दुसऱ्या कुणाच्या तोंडात असणार? आणि दत्ताचं नाव कुठून काढलं याचंही त्यांना नवल वाटलं नाही. बहुरूपी गावात शिरला की पाणवठ्यावर बसून घरोघरच्या गोष्टी काढून घेतो, ती त्याची विद्याच आहे. कडूबाईनं भाकरींचं सांगितलं असेल, बाकीचं यानं जुळवलं असेल. सोंग तरी कसं मुद्द्याला धरून!

"इम्पोस्टर म्हणायचं साहेब," मास्तर म्हणाले. "फ्रॉडपेक्षा तो शब्द इथं चांगला बसतो."

हवालदारानं त्यांच्याकडं जरा चमकून बघितलं. "ते साहेब लिव्हतील. पोरगा कुठाय ते सांगा."

आता इथं आपण सगळे जाणते झालो, म्हणून आपल्याला वाटतं, त्यांनी थांबायला पाहिजे होतं. पण त्या माणसाचं दोन दिवसांचं दाबून ठेवलेलं सुख गळ्याशी आलेलं होतं. इतकी वर्षं हा फौजदार दाराशी येई आणि मास्तरांना सांगावं लागे, माझ्याकडं न्यायला कोणी नाही. आज होतं. आज त्यांच्या घरात पुढं करायला हक्काचं माणूस होतं.

"कुठाय म्हणजे? घरातच आहे!" मास्तर मोठ्यानं म्हणाले, इतक्या मोठ्यानं की समोर कडूबाईचं सूप थांबलं. "आत झोपलाय. घेऊन जा साहेब, खुशाल घेऊन जा!"

हवालदार मागं वळला आणि त्यानं शिट्टी वाजवली. मास्तर लगबगीनं कोपऱ्यातलं सूप घेऊन ज्वारी भरायला लागले. सूप घेऊन वळतात तो गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जीपमधून दुसरा शिपाई पळत येत होता. मारुतीच्या देवळाआड ती जीप कडूबाईला मघाच दिसली होती, मास्तरांना दिसली नव्हती. दोघं आत घुसले. मास्तर सूप धरून म्हणत होते, "आता पुरे कर बाबा, त्याला बरं नाही. ओळखलं मी तुला. ओळखलं." हवालदारानं टोपी काढून घाम पुसला. टोपीखाली पार टक्कल होतं. हा माणूस मास्तरांनी आयुष्यात कधी बघितलेला नव्हता.

दत्तरावला दंडाला धरून बाहेर आणलं. झोपेतून उठवलेलं माणूस, त्याला काही समजेना. मग त्यानं बापाच्या हातातलं सूप बघितलं. "आबा, तुम्ही सांगितलं?" एवढंच म्हणाला. मास्तर सूप घेऊनच त्याच्या मागं गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. जीप गेली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. कडूबाईनं जे ऐकलं तेच सांगितलं, तिचा काय गुन्हा? "सख्ख्या पोराला घेऊन जा म्हणले. आवाज सुदिक कापला न्हाई." तिचा भाचा त्या फसलेल्या पोरांपैकीच होता. रात्रीची भाकरी घेऊन आली तेव्हा ती मास्तरांच्या पाया पडली. मास्तर म्हणाले, "कडूबाई, अगं मला वाटलं आपला सटवाजीच आलाय." ती डोळ्याला पदर लावून म्हणाली, "असू द्या मास्तर. बापाचं काळीज हाय, आता काईबी वाटंल." मास्तरांनी पारावरही एकदोनदा खरं सांगून बघितलं. माणसं समजुतीनं मान हलवत. आता मास्तर आले की पार मोकळा होत नसे, उलट जागा करून देत. लोक त्यांना वाटण्याच्या भांडणात पंच म्हणून बोलवू लागले. ज्यानं पोराची गय केली नाही तो दुसऱ्याची काय करणार, असं म्हणू लागले. इतकी वर्षं हवी होती ती माणसं भोवती बसत होती, आणि मास्तरांना त्यांच्यात बसवत नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी सटवाजी आला, रेडिओ दुरुस्त करणारा होऊन. दारात वाकून म्हणाला, "वळखलं का?" मास्तर त्याला बघून रडायलाच लागले. सगळं ऐकून सटवाजी खालीच बसला. खांद्यावरची पिशवी काढायचंही त्याला सुचलं नाही.

"माह्या सोंगानं तुमचं लेकरू गेलं," तो म्हणाला. "गावाला काय सांगायलात तुमी? गाव ऐकत नसतं. पोराला सांगा. त्याला कळू द्या की बाप फितूर न्हवता."

मास्तरांना ते पटलं. दुसरं काही बोलण्यासारखं जगात राहिलंच नव्हतं. भेटीची परवानगी मिळवण्यात उन्हाळा गेला. पाऊसपाणी झालं, कापसाची बोंडं फुटायला लागली, तेव्हा ते एसटीनं परभणीला तुरुंगात गेले. वाटभर त्यांनी वाक्यं जुळवली. दत्ता, मी तुला लपवणार होतो. तू इकडं फिरकला नाहीस, हे मी पाठ केलं होतं. दुसऱ्या कुणापुढं पोराला पाठीशी घालणार होतो हे सांगायची लाज त्यांना वाटली असती, दत्तापुढं वाटणार नव्हती. त्याला एवढंच कळावं, मग तो हवं ते म्हणू दे.

जाळीपलीकडं दत्तराव आला. वाळला होता, पण डोळे निवळले होते. मास्तर बोलायला तोंड उघडणार तोच तो बोलू लागला.

"आबा, आधी ऐका. पहिल्यांदा तुमचा लय राग आला. वाटलं, आई असती तर असं केलं नसतं. मग इथं पडून पडून विचार केला. इथं एकेकाचे बाप येतात, खोटे साक्षीदार आणतात, वकिलाला खोटं पढवतात. माझा बाप एकटाच असा की जो माझ्यासाठीसुद्धा खोटं बोलला नाही." त्यानं जाळीला बोटं लावली. "मी आयुष्यभर लोकांना फसवलं, आबा. आता धरून ठेवायला माझ्याकडं एवढीच एक गोष्ट आहे. सुटलो की सरळ वागीन. तुम्ही सांगितलं ते तेवढ्यासाठीच ना?"

वाटभर जुळवलेली वाक्यं मास्तरांच्या जिभेवर होती. खरं सांगितलं तर बाप मिळाला असता त्याला, पण जे धरून तो उभा होता ते हातातून गेलं असतं. ज्या माणसाला शेजारणीपुढं भाकरीचं खोटं धड जमलं नव्हतं, त्याचा आवाज यावेळी कापला नाही.

"होय," मास्तर म्हणाले. "तेवढ्यासाठीच."

शिपायानं वेळ झाली म्हणून सांगितलं. दत्तरावनं जाळीतूनच वाकून नमस्कार केला, असा नमस्कार त्यानं लहानपणापासून कधी केला नव्हता. मास्तर बाहेर येऊन स्टँडवर बसले. पेडगावची गाडी आली, भरली, गेली, त्यांना उठायचं भान राहिलं नाही. आपल्यासाठी बाप खोटं बोलायला तयार होता, ही एकच गोष्ट पोराला सांगायला ते एवढ्या लांब आले होते, आणि ती आता त्याला कधीच कळणार नव्हती.